128 मोती, 100 डॉलर आणि एक हवेली: मोत्याची किंमत कशी मोडली

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, 52 व्या रस्त्याच्या कोपऱ्याला, 1905 मध्ये बांधलेली एक दगडी हवेली उभी आहे. रेल्वे आणि आगबोटींच्या धंद्यातला पैसा वारशाने मिळालेल्या मॉर्टन प्लँट यांनी ती रॉबर्ट गिब्सन या वास्तुविशारदाकडून बांधून घेतली. 1917 मध्ये ती कार्तिए या पॅरिसच्या जवाहिऱ्यांच्या पेढीकडे गेली. मोबदल्यात प्लँट दांपत्याला मिळाले रोख 100 डॉलर आणि नैसर्गिक मोत्यांचा एक दुपदरी हार. एका सरात 55 मोती, दुसऱ्यात 73. पेढीने हारावर लावलेली किंमत होती 10 लाख डॉलर.

हवेली आजही त्या पेढीचे दुकान आहे. हार मात्र श्रीमती प्लँट यांच्या मृत्यूनंतर जानेवारी 1957 मध्ये पार्क-बर्नेट या न्यूयॉर्कच्या लिलावगृहात निघाला आणि 1 लाख 51 हजार डॉलरला गेला.

मोत्यांच्या मोहापायी घर घालवले, अशा थाटात ही हकिगत सांगितली जाते. ऐकायला छान, पण जवाहिराच्या धंद्यातल्या माणसाला त्यातून काहीच शिकता येत नाही. 1917 चा सौदा दोन्ही बाजूंनी शहाणपणाचा होता. चाळीस वर्षांत मोती खोटे ठरले नाहीत, फुटले नाहीत, हरवलेही नाहीत. मोत्याची किंमत ज्या हिशेबावर उभी होती, तो हिशेबच मधल्या काळात मोडला. तो काय होता आणि कुठे मोडला, हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसते.

दोन्ही पारड्यांत काय होते

प्लँट यांच्या बाजूने पाहिले तर हवेली ही उतरणीला लागलेली चीज होती. आजूबाजूला हॉटेले आणि दुकाने येत होती, श्रीमंत वस्ती उत्तरेकडे सरकत होती आणि ते स्वतःही 86 व्या रस्त्यावर नवे घर बांधून निघाले होते. राहण्याची जागा म्हणून जुन्या घराची गोडी संपली होती. दुकानाची जागा म्हणून तिचे मोल वाढत होते, पण ते मोल दुकानदाराच्या उपयोगाचे.

पेढीच्या बाजूने एक गोष्ट नेहमी विसरली जाते. 10 लाख ही दुकानातली मागणीची किंमत होती, पेढीची खरेदी नव्हे. मोती गोळा करायला पेढीचे किती पैसे गेले हे बाजूला ठेवले, तरी आकडा मालावर नफा धरूनच लावलेला असणार. म्हणजे पेढीने स्वतःचा माल किरकोळ भावाने मोजून जागा घेतली. विकत घेणाऱ्याला याहून चांगला सौदा क्वचितच मिळतो. पुढे 1957 चा आकडा याच्याशेजारी ठेवताना हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

पण हाराला 10 लाख कोण देईल, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नसता. याच पेढीने 1911 मध्ये होप हिरा विकला तो 1 लाख 80 हजार डॉलरला. 45.52 कॅरेटचा, निळा, जगप्रसिद्ध हिरा. त्याच्या पाचपटीहून जास्त किंमत मोत्यांच्या दोन सरांना. आज हे उलटे वाटते, पण त्या वेळी क्रम असाच होता. 1867 नंतर दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांच्या खाणी सापडल्या आणि हिरा पूर्वीसारखा दुर्मिळ राहिला नाही. मोत्याची खाण नव्हती. तो समुद्रतळाशी, श्वास रोखून, एकेक शिंपला उचलून शोधावा लागे. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत मोती हिऱ्याच्या वर बसला.

किमतीचा वर्ग

मोती वजनाने विकला जाई, पण सरळ वजनाने नाही. युरोपात मोत्याचे वजन ग्रेनमध्ये धरत. मोत्याचा एक ग्रेन म्हणजे पाव कॅरेट, 50 मिलिग्रॅम. वजनाचा वर्ग करायचा आणि त्याला पायाभूत दराने गुणायचे. पायाभूत दर मोत्याचे पाणी, रंग, गोलाई आणि त्वचा पाहून ठरे. दर 2 धरला तर 4 ग्रेनच्या मोत्याचे 4 × 4 × 2 = 32, आणि 8 ग्रेनच्या मोत्याचे 8 × 8 × 2 = 128. वजन दुप्पट, किंमत चौपट.

मुंबई ही तेव्हा इराणच्या आखातातल्या मोत्यांची मोठी पेठ होती. माल तिथे येऊन चाळला, विंधला, जुळवला जाई आणि मग पॅरिस-लंडनला जाई. तिथले माप होते चव. चव हे वजन नव्हे, वजनावरून काढलेले मूल्यमाप आहे. लॉटमधल्या मोत्यांचे एकूण वजन रतींत घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, 55/96 ने गुणायचे आणि मोत्यांच्या संख्येने भागायचे. 10 रतींचा एकच मोती असेल तर 100 × 55/96, म्हणजे 57.3 चव. एकेक रतीचे दहा मोती असतील तर एकूण वजन तेच 10 रती, पण दहाने भागल्यावर हाती येतात 5.73 चव. तराजूला दोन्ही सारखे, किंमतीत दहापटीचा फरक. लंडनचा वर्ग आणि मुंबईची चव ही एकाच नियमाची दोन रूपे.

आता हा नियम व्यासाच्या भाषेत मांडू, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यात आहे. गोलाचे वजन व्यासाच्या घनाने वाढते. किंमत वजनाच्या वर्गाने वाढते. म्हणजे किंमत व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. 5 मिलिमीटरचा गोल मोती साधारण 3.6 ग्रेन भरतो, 7 मिलिमीटरचा साधारण 9.8. व्यासात फरक 2 मिलिमीटर, किमतीत साडेसात पट. नुसता 10 टक्के मोठा व्यास घेतला तरी किंमत 77 टक्क्यांनी चढते.

हा नियम कोणी हौसेने बांधलेला नव्हता. समुद्रात मोठा, गोल, निर्दोष मोती खरोखरच त्या प्रमाणात दुर्मिळ होता. त्यावर चढे ते जुळवणीचे मोल. मधला मोती सर्वांत मोठा, दोन्ही बाजूंना उतरत जाणारे जोड, सगळ्यांचा रंग आणि तेज एक. डावीकडच्या नवव्याला उजवीकडचा नववा जुळला नाही तर सर तयार होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे माल साठवून ठेवावा लागे आणि साठवलेल्या मालावर भांडवल अडके. प्लँट हारातल्या एका मोत्याची सरासरी किंमत 7,800 डॉलर पडते. त्यातला मोठा भाग या थांबण्याचा होता.

विंधण्यातही हाच हिशेब. मोती वजनावर विकायचा, म्हणून वेध जितका बारीक तितके वजन वाचते. लाकडी ठोकळ्यातल्या खळग्यात मोती ठोकून घट्ट बसवायचा, धनुष्याच्या दोरीवर फिरणारा सामता, म्हणजे भोक पाडायचे हत्यार, लावायचा आणि करंगळीने थेंब थेंब पाणी सोडत दोन्ही बाजूंनी आत जायचे. दोन्ही छिद्रे मध्यात भेटली नाहीत तर मोती दोऱ्यावर वाकडा बसतो. जोर जास्त झाला तर वेधाच्या तोंडाशी थर उचलतो. जुन्या नैसर्गिक मोत्याचा वेध आजही बारीक दिसतो तो याच काटकसरीमुळे, आणि पुढे तो ओळखीची खूण ठरला.

मणी

सहाव्या घाताच्या नियमाला एकच धोका होता: व्यास माणसाने ठरवायला लागणे. जपानमध्ये नेमके तेच झाले.

कोकिची मिकिमोतो यांना 1893 मध्ये शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले अर्धगोल मोती मिळाले आणि 1896 मध्ये त्याचे पेटंट. अर्धगोल मोत्याने बाजार हलला नाही. तो शिंपल्याला चिकटलेला असतो, कापून काढावा लागतो आणि मागची सपाट बाजू लगेच दिसते. गोल मोत्याची युक्ती तात्सुहेई मिसे आणि तोकिची निशिकावा यांच्या नावावर जाते. 1907 च्या सुमाराची. शिंपल्यातल्या जीवाच्या अंगावरचा मोतीद्रव्य स्रवणारा पातळ पडदा घ्यायचा, त्याचा दोन-तीन मिलिमीटरचा चौकोनी तुकडा करायचा आणि कवचातून कोरलेल्या गोल मण्याबरोबर दुसऱ्या शिंपल्याच्या आत, जननग्रंथीत ठेवायचा. तुकडा वाढून मण्याभोवती पिशवी तयार करतो आणि पिशवी मण्यावर थरावर थर चढवते. मण्याला पुढे अमेरिकेतल्या नद्यांतल्या जाड कवचाच्या शिंपल्यांचा माल पसंत पडला. तो पांढरा, घट्ट आणि विंधताना न तडकणारा.

फसण्याच्या जागा बऱ्याच. तुकडा मण्याला चिकटून बसला नाही तर मोती होत नाही. तुकडा उलटा पडला तरी नाही. मणी मोठा असेल तर शिंपला तो बाहेर टाकतो किंवा मरतो. 1905 मध्ये सूक्ष्म जीव बेसुमार माजून समुद्राचे पाणी तांबडे झाले आणि मिकिमोतोंचे लाखो शिंपले एका फटक्यात गेले. तरीही 1919 ते 1921 च्या दरम्यान असे मणी घालून वाढवलेले गोल मोती, म्हणजेच कल्चर मोती, लंडन आणि पॅरिसला पोचले.

या मोत्यात खरे मोतीद्रव्य किती, हे मोजून पाहण्यासारखे आहे. 7 मिलिमीटरच्या मोत्यात 6 मिलिमीटरचा मणी असेल, तर आकारमानाच्या 63 टक्के मणीच आहे. वरचा अर्ध्या मिलिमीटरचा थर म्हणजे 37 टक्के. थर 0.3 मिलिमीटरवर आणला तर मोतीद्रव्य उरते अवघे 24 टक्के. पण डोळा पाहतो तो वरचाच थर, आणि तो थर त्याच जातीच्या जीवाने, त्याच पद्धतीने घातलेला. तो खोटा नाही. पॅरिसमध्ये 1920 च्या दशकात यावर कोर्टबाजी झाली. निष्पन्न एवढेच की हे मोती नकली म्हणून बाद करता येणार नाहीत, मात्र 'कल्चर' हा शब्द लावूनच विकावे लागतील.

सुरुवातीला कल्चर मोत्यांचा भाव नैसर्गिकापेक्षा सुमारे चौथाईने कमी होता. नैसर्गिक मोत्यांचे व्यापारी या चौथाईवर चिडले होते. घाबरायचे कारण दुसरेच होते. मणी कोरणारा कारागीर 6 मिलिमीटरचे हजार मणी एका मापाचे देतो. त्यावर चढलेले मोतीही जवळपास एका मापाचे निघतात. म्हणजे मोठा व्यास आता नशिबाने मिळत नव्हता, निवडून मिळत होता. आणि जोड जुळवायला दहा वर्षे थांबायची गरज उरली नव्हती. एका हंगामाच्या मालातून सर उभा राहत होता. वर्गाचा नियम ज्या दोन दुर्मिळतांवर टेकला होता, त्या दोन्ही एका मण्याने काढून घेतल्या.

ओळखायला किती खर्च येतो

इथे थोडे आडवळण घेऊ. कृत्रिम माणिक मोत्याच्या आधी आले. ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी ज्वालेत भुकटी वितळवून माणिक वाढवण्याची रीत 1902 मध्ये जाहीर केली, आणि काही वर्षांत असे माणिक ढिगाने बनू लागले. त्याच्या आधीही वितळवून केलेले लाल खडे खरे म्हणून खपवण्याचे प्रकार झाले होते. तरी नैसर्गिक माणकाचा भाव कोसळून तिथेच पडून राहिला, असे झाले नाही. कारण साधे आहे. ज्वालेतल्या माणकात वाढीच्या रेषा वक्र असतात, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या, आणि बऱ्याचदा वायूचे बुडबुडे असतात. खाणीतल्या माणकातल्या रेषा सरळ, कोनात वळणाऱ्या. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही मिनिटांत निकाल लागतो, खड्याला धक्का न लावता. कृत्रिम माणिक स्वस्त होत होत घड्याळाच्या यंत्रात गेले, नैसर्गिक आपल्या जागी राहिले.

मोत्याचे तसे नव्हते. फरक होता तो पोटात. बाहेरून भिंग लावून काही उपयोग नाही. लंडनच्या व्यापारी मंडळाने 1925 मध्ये खास प्रयोगशाळा काढली ती या अडचणीपायी. रत्नपरीक्षेच्या आजच्या प्रयोगशाळांची सुरुवात तिथून धरतात, आणि ती हिऱ्यासाठी किंवा माणकासाठी झालेली नाही, मोत्यासाठी झाली. 1926 मध्ये पॅरिसहून एंडोस्कोप आला. पोकळ सुई, तिच्या टोकाशी पाठीला पाठ लावलेले 45 अंशांतले दोन छोटे आरसे. सुई वेधात घालायची आणि एका आरशावर तीव्र प्रकाश टाकायचा. नैसर्गिक मोत्यात थर कांद्यासारखे एककेंद्री असतात, म्हणून प्रकाश थराच्या आतल्या आत वळसा घेऊन दुसऱ्या आरशावर येतो आणि पाहणाऱ्याला चमक दिसते. मण्यात थर सपाट, एकमेकांना समांतर. तिथे प्रकाश थराच्या दिशेने सरळ बाहेर जातो, चमक येत नाही.

उपकरण अचूक होते, पण त्याला वेध लागे. न विंधलेल्या मोत्याला ते निरुपयोगी. वेध फार बारीक असेल तर सुई जात नाही, आणि बारीक वेध तर चांगल्या नैसर्गिक मोत्याचेच. शिवाय सर तोडून एकेक मोती सुईवर चढवायचा. दुसरा रस्ता क्ष-किरणांचा. नैसर्गिक मोत्यातून कोणत्याही दिशेने किरण गेला तरी सहा ठिपक्यांची नक्षी उमटते. मण्यातून एका दिशेने सहाची आणि तिच्या काटकोनात चारची. म्हणून खात्रीसाठी दोन दिशांनी चित्र घ्यावे लागते. हे यंत्र दुकानात ठेवण्यासारखे नव्हतेच.

म्हणजे 1921 ते 1926 ही पाच वर्षे गिऱ्हाईक, दुकानदार आणि सावकार तिघेही अंधारात होते. पुढेही उजेड होता तो मोजक्या खोल्यांत. ज्या मालाचा खरेपणा दुकानाच्या टेबलावर दाखवता येत नाही, त्याला खरेपणाचा भाव मागणे कठीण. माझ्या मते भाव मोडण्यात मण्याचा वाटा जेवढा, तेवढाच या महागड्या ओळखीचा आहे.

उधारीची साखळी

त्यात ऑक्टोबर 1929 मध्ये अमेरिकेचा शेअरबाजार पडला. मोत्यांच्या धंद्याला त्याचा झटका इतर जवाहिरापेक्षा जास्त बसला, कारण हा धंदा तळापासून आगाऊ रकमेवर चाले. पॅरिसचा व्यापारी माल साठवून ठेवे. त्याच्या खरेदीच्या भरवशावर मुंबईचा व्यापारी पैसा लावे. त्या पैशातून आखातातला तव्वाश, म्हणजे मोत्यांचा फिरता व्यापारी, बोटीच्या नाखव्याला आगाऊ देई. नाखवा पाणबुड्याला हंगामाआधी घरखर्चासाठी आगाऊ देई. हंगाम उन्हाळ्याचा. पाणबुड्याच्या नाकाला शिंगाचा किंवा कासवाच्या पाठीचा चिमटा, पायाला दगड, गळ्यात जाळीची टोपली, आणि वर दोरी धरलेला माणूस. मिनिट-दीड मिनिटाची एक बुडी, दिवसाला कित्येक. मोत्यांत आगाऊ रक्कम फिटली नाही तर उरलेले कर्ज पुढच्या हंगामावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या किनाऱ्यांवर साधारण साडेचार हजार बोटी आणि 70 हजारांवर माणसे या कामात होती.

वरच्या टोकाला खरेदी थांबली की ही साखळी उलट्या दिशेने आवळत येते. पॅरिसकडे विकत न गेलेला माल, मुंबईकडे न आलेले पैसे, आणि आखातात न फिटलेले कर्ज. दबावाखाली साठा बाजारात आला की भाव आणखी पडतो. पूर्वीही मंदीत भाव पडत आणि परत चढत. या वेळी चढायला जागा नव्हती, कारण खालची जागा कल्चर मोत्यांनी भरून काढली होती. बहारीनमध्ये 1932 मध्ये तेल लागले, 1938 मध्ये कुवेतमध्ये. पाणबुडे तेल कंपन्यांच्या रोजावर गेले. नैसर्गिक मोत्यांचा नवा पुरवठा आटला, आणि तरीही भाव वर आला नाही. पुरवठा घटला की भाव चढतो, या नेहमीच्या समजुतीला हा चांगला धडा आहे. मागणी तोवर दुसरीकडे वळली होती.

1957 चा हिशेब

आता दोन आकडे शेजारी ठेवू. 10 लाखांवरून 1 लाख 51 हजार, म्हणजे 85 टक्के घट. पण आधी म्हटल्याप्रमाणे पहिला आकडा दुकानातला, दुसरा लिलावातला. लिलावात मुख्यतः व्यापारी बोली लावतात आणि त्यांना पुढचा नफा सोडावा लागतो. 1917 मध्येही हा हार लिलावात घातला असता तर 10 लाख आले नसते. नुसता अंदाज म्हणून निम्मे, 5 लाख धरले, तरी घट 70 टक्क्यांची होते.

दुसरी दुरुस्ती महागाईची. 1917 ते 1957 दरम्यान अमेरिकेतली किंमतपातळी साधारण 2.2 पट झाली. 1957 चे 1 लाख 51 हजार म्हणजे 1917 च्या पैशात सुमारे 69 हजार. म्हणजे खरी घट दुकानी भावाशी ताडून पाहिल्यास 93 टक्के, निम्म्या भावाशी ताडून पाहिल्यास 86 टक्के. मोत्यामागे सरासरी 7,800 डॉलर होते ते 1,180 वर आले, आणि तेही हलक्या झालेल्या डॉलरात.

यात झीज किती? मोती मऊ असतो, आणि घाम, अत्तर, आम्ल यांनी त्याचा थर झिजतो. गळ्याला सतत घासणारा मोती वर्षानुवर्षांत मधोमध झिजून पिंपासारखा दिसू लागतो. पण सांभाळून वापरलेल्या हारात झिजेने किंमतीचा मोठा भाग जात नाही. 1957 च्या लिलावाच्या खोलीत बसलेला माणूस हे मोती चांगले नाहीत म्हणून हात आखडता घेत नव्हता. दिसायला तसाच कल्चर सर दुकानात त्याच्या कितीतरी कमी भावाने मिळत होता, आणि 'नैसर्गिक' या शब्दासाठी वेगळे पैसे मोजणारे गिऱ्हाईक जवळजवळ संपले होते.

ते परत आले. 1969 मध्ये अभिनेते रिचर्ड बर्टन यांनी ला पेरेग्रिना हा सोळाव्या शतकात पनामाच्या पाण्यात सापडलेला मोती 37 हजार डॉलरला घेतला. डिसेंबर 2011 मध्ये तो हारासह 1 कोटी 18 लाख डॉलरला गेला. बडोद्याच्या गायकवाडांच्या सातपदरी हारातले 68 मोती दुपदरी ओवून 2007 मध्ये लिलावात आले आणि 71 लाख डॉलरला गेले. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या मोती-हिऱ्याच्या लोलकाला 2018 मध्ये 3 कोटी 60 लाख डॉलर मिळाले. हे आकडे पाहून कोणी आजीच्या सराचा भाव काढू नये. त्यांत मोत्याची किंमत किती आणि राजघराण्याच्या नावाची किती, हे वेगळे काढता येत नाही. एवढे मात्र खरे की आता 'नैसर्गिक' हा शब्द पुन्हा विकला जातो, आणि तो विकता येतो कारण प्रयोगशाळेचा कागद सोबत जोडता येतो. बहारीनने कल्चर मोत्यांच्या व्यापारावर बंदी ठेवली आणि 2017 मध्ये स्वतःची मोती-परीक्षण संस्था उभारली, तीही याच शब्दाच्या राखणीसाठी.

असा सर आज टेबलावर आला तर

सर तोडायचा नाही. आधी मोजायचे: किती मोती, प्रत्येकाचा व्यास 0.1 मिलिमीटरपर्यंत, सर्वांत लहान आणि मधला. वजन घेताना फासा, म्हणजे हार अडकवायची कडी, आणि दोरा यांचे वजन वजा करायचे. सहाव्या घातामुळे इथली ढिलाई महाग पडते. 8 चा मोती 8.4 लिहिला तर जुन्या हिशेबाने किंमत 34 टक्क्यांनी फुगते.

मग 10 पटीचे भिंग वेधावर. गाठ थोडी सरकवून आत पाहायचे. पांढऱ्या थराखाली गडद रेघ आणि त्यापलीकडे एकसंध, खडूसारखा भाग दिसला तर तो मणी. आतपर्यंत थरांचीच रचना आणि मध्याकडे तपकिरी झाक असेल तर आशा धरायला हरकत नाही. वेध रुंद आणि सगळीकडे एकसारखा असेल तर संशय वाढवायचा. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत तीव्र प्रकाशासमोर मोती फिरवायचा. मण्याचे सपाट थर पट्ट्यांसारखे दिसतात आणि एका फेऱ्यात दोनदा उजळतात. वरचा थर जाड असेल तर हे दिसत नाही, म्हणून पट्टे नाहीत याचा अर्थ नैसर्गिक असा काढायचा नाही.

निकाल क्ष-किरणांचाच. सर ओवलेलाच ठेवून संपूर्ण प्रतिमा घेता येते. मण्याच्या कडेची गोल रेघ त्यात उमटते. क्ष-किरणांखाली गोड्या पाण्यातल्या कवचाचा मणी मँगनीजमुळे हिरवट-पिवळा झळकतो. आखातातला नैसर्गिक मोती झळकत नाही. उरलेल्या संशयितांसाठी सूक्ष्म सीटी स्कॅन.

हल्लीचे घोटाळे मात्र मण्यावाचून होतात. मणी बाहेर टाकल्यावर त्या पिशवीत नुसताच वाढलेला केशी मोती सगळा मोतीद्रव्याचाच असतो. त्याच्या पोटातल्या वेड्यावाकड्या पोकळीवरून ओळखावे लागते, आणि त्या पोकळीचा अर्थ लावण्यात परीक्षकांमध्येही मतभेद होतात. त्याहून चलाख प्रकार म्हणजे कवचाच्या मण्याऐवजी हलक्या प्रतीचा नैसर्गिक मोतीच मणी म्हणून वापरणे. आत एककेंद्री थर, बाहेरही एककेंद्री थर, आणि मधे एकच परकी रेघ. ती सापडली नाही तर अहवाल चुकतो.

जुन्या सरात सर्वांत जास्त वेळा निघणारा दोष याहून साधा आहे. दोरा कुजतो, सर तुटतो, एक-दोन मोती पलंगाखाली जातात, आणि ओवून देणारा जवळचे कल्चर मोती घालून देतो. ते बहुधा फाशाजवळ असतात. तिथले मोती लहान, मानेमागे असल्याने कोणाला दिसत नाहीत आणि दोरा सर्वांत जास्त तिथेच झिजतो. 73 मोत्यांच्या सरात असे तीन निघाले, तर 'नैसर्गिक आणि कल्चर मिश्र' असा अहवाल येतो आणि उरलेल्या सत्तरांचा भाव त्या एका शब्दाने खाली ओढला जातो. ते तीन काढून टाकायचे, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारत रेशमात नव्याने ओवायचे आणि सर पुन्हा तपासणीला पाठवायचा. 4 मिलिमीटरचे तीन मोती गेले की तो 12 मिलिमीटरने आखूड होतो आणि महाग होऊन परत येतो.